पहाटे उघडणारी बालवाडी

अक्का, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझे केस आता तुमच्या तेव्हाच्या केसांहून पांढरे झालेत. तुम्ही असता तर म्हणाला असता, "झाले तर झाले, डोक्यात काही शिरलं का ते सांग." शिरलं, अक्का, पण फार उशिरा शिरलं. हे पत्र मराठीत लिहितेय त्याचं कारण काही मोठं नाही. आता घरात हे वाचू शकेल असं कुणी उरलेलं नाही, एवढंच. लेकीला आपलं बोलणं कळतं पण उत्तर ती तमिळमध्ये देते, आणि नातवाला "ये", "जेव", "झोप" यापलीकडे काही येत नाही. त्यामुळे टेबलावर उघडं टाकून गेले तरी कुणी वाचणार नाही. तुम्ही शिकवलेली अक्षरं मी अशी लपवाछपवीला वापरेन असं तुम्हाला स्वप्नातही वाटलं नसेल.

ती अक्षरं तुम्ही शिकवलीत तुमच्या स्वयंपाकघरात, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. मी नुकतीच सरकारी बालवाड्यांची सुपरवायझर म्हणून तुमच्या हाताखाली रुजू झाले होते. आपण एकाच गल्लीतल्या, एकाच बोलीतल्या, म्हणून रविवारी तुम्ही मला जेवायला बोलवायचात. भावाच्या घरात मागची एक खोली आणि ते स्वयंपाकघर एवढंच तुमचं राज्य. पहिल्याच रविवारी तुम्हाला कळलं की मला मराठी वाचता येत नाही. "बोलतेस आणि वाचत नाहीस? लाज नाही वाटत गे?" असं म्हणून तुम्ही रांगोळीचं उरलेलं तांदळाचं पीठ ताटात पसरलंत आणि माझं बोट धरून त्यात क काढायला लावलंत. मी सांगतेय की मला भूक लागलीय, आणि तुम्ही म्हणताय, "ख येईपर्यंत दह्यात कालवलेलं डांगर मिळणार नाही." तुमचं डांगर इतकं चांगलं असायचं की मी दोन महिन्यांत ज्ञ पर्यंत पोचले. आईनंही माझे इतके लाड केले नव्हते आणि ती इतकं रागावलीही नव्हती.

ऑफिसात मात्र तुम्ही मला ओळखही दाखवायचा नाहीत. पहिल्या महिन्यातली ती गोष्ट आठवते. पापनाशमच्या पुढे कालव्याकाठी जे गाव आहे, तिथल्या बालवाडीची हजेरी मी मोठ्या ऐटीत तुमच्यापुढे ठेवली. तीस मुलं, अठ्ठावीस हजर. शाबासकीसाठी मी कान टवकारून उभी. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि विचारलंत, "आणि ती दोघं?" मला काय ठाऊक! मी म्हटलं, आली नसतील. "ते मला दिसतंय. का आली नाहीत?" मी हजेरीचं पान उलटून पाहिलं. तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "आलेली पोरं मोजायला शिपाई पुरतो. न आलेली कुठं आहेत हे शोधायला सरकारनं तुला ठेवलंय." मग भर उन्हात तुम्ही मला चालवत त्या दोन घरी नेलंत. मी घाम पुसतेय, मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालतेय. पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घराच्या पडवीत सात-आठ वर्षांची एक मुलगी कडेवर तान्हं घेऊन उभी होती, आणि बालवाडीत यायला हवं होतं ते पोर तिच्या परकराला धरून. आई भातलावणीला गेलेली. कोंबडा आरवायच्या आधी गेली ती अंधार पडल्यावर यायची. त्या मुलीनं शिळा भात ताकात कालवून दोघांना भरवला होता. ती स्वतः जेवली का हे तुम्ही तिला विचारलंत तेव्हा ती हसली.

परतीच्या बसमधून तुम्ही पापनाशमला उतरताना म्हणालात, "हिची शाळा भुकेनं नाही सुटली. कडेवरच्या पोरानं सुटली. आपण साडेनऊला दार उघडतो, आणि आया जातात पाच वाजता. मधले साडेचार तास कुणाचे?" त्याच लावणीत तुम्ही ती बालवाडी पहाटे पाचला उघडायला लावलीत. नियमात कुठं बसत नव्हतं ते. लावणीचे पाच-सहा आठवडे टीचर आणि मदतनीस बाया आळीपाळीनं पहाटे यायच्या, मुलांना जागा झाडून द्यायच्या, कोमट पाण्यात सत्तुमावाचं, म्हणजे भाजलेल्या धान्यांचं, गोड पीठ मळून एकेक गोळा हातावर ठेवायच्या. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः पहिल्या बसनं हजर. टीचरचा नवरा कुरकुरला तेव्हा तुम्ही त्याच्या ओट्यावर जाऊन बसलात आणि म्हणालात, "तम्बी, आधी मला कॉफी पाज, मग भांड." त्यानं कॉफी पाजली आणि भांडायचं विसरला. पुढच्या वर्षी आजूबाजूच्या सगळ्या गावांत पहाटे दारं उघडली. त्या मोठ्या बहिणी धाकट्यांना दारात उतरवायच्या, परकर झटकायच्या आणि शाळेच्या दिशेनं पळत सुटायच्या. त्यांना पळताना पाहायला मी मुद्दाम थांबायची, अक्का. नोकरीतलं त्याहून चांगलं काही मी पाहिलेलं नाही.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा उलट तुम्हीच मला भेट दिलीत, कुंभकोणमहून आणलेल्या जाड तळाच्या चपला. "खुर्चीत बसायचं असेल तर घालू नकोस, त्या झिजायच्याच नाहीत." सगळे हसले. तुमची जागा मला मिळाली. आणि मी खुर्चीत बसले.

दिवसही तसेच होते. गल्लीतल्या घराघरांवर केबलच्या तारा आल्या होत्या, कोपऱ्यावर एसटीडी बूथ आला होता, आणि ऑफिसातही नवीन वारं शिरलं होतं. मला मद्रासला ट्रेनिंगला पाठवलं. थंडगार हॉटेल, पडद्यावर चित्रं, सुटाबुटातला एक गृहस्थ सांगतोय की चांगल्या नेत्याचं काम म्हणजे पद्धत बसवणं. काम माणसावर अवलंबून राहिलं तर माणूस गेल्यावर काम जातं, असंही तो म्हणाला. आता वाटतं, बरोबरच बोलत होता बिचारा. मी मात्र त्यातून भलतंच घेऊन आले. परत आले तर टीचर मंडळी माझ्या दारात. पहाटे उठून यायचं, त्याचं ना मानधन ना सुट्टी, आमची स्वतःची पोरं घरी कोण बघतं? अक्कांच्या शब्दाखातर केलं, अक्का आता ऑफिसात नाहीत. एक तर रडायलाच लागली. त्यांचं काय खोटं होतं? तुमच्या डोळ्यांच्या धाकानं आणि तुमच्या प्रेमानं त्या येत होत्या. मला ना तो धाक जमत होता, ना ते प्रेम. वरून तपासणी यायची होती आणि सगळ्या केंद्रांची वेळ सारखी दिसायला हवी होती. मी एका सहीनं दोन्ही प्रश्न सोडवले. सगळीकडे साडेनऊ ते साडेतीन, दारावर तशी सूचना लावा. टीचर खूश, वरचे खूश. मला वाटलं, आता मी खरी अधिकारी झाले.

त्या वर्षी कावेरीचं पाणी उशिरा आलं. आलं ते एकदम. कालवे तुडुंब भरले आणि सगळ्यांची लावणी एकाच आठवड्यात सुरू झाली. पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला ऑफिसात फोन आला. तेच गाव. अडीच वर्षांची एक मुलगी कालव्यात गेली. तिची मोठी बहीण नऊ वर्षांची, तीच सांभाळत होती. मी जीपनं गेले.  बाळाला पडवीत केळीच्या पानावर ठेवलं होतं. आई चिखलाच्या पायांनीच शेतातून धावत आली होती, तो चिखल तिच्या पोटऱ्यांवर वाळत चालला होता. बोलत होते बाकीचे सगळे. "हिचं लक्ष कुठं होतं? खेळत बसली असेल सटवी!" ती नऊ वर्षांची मुलगी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती, तिचा परकर छातीपर्यंत ओला. म्हणजे ती पाण्यात उतरली होती. कुणीही तिला कोरडं काही नेसवलं नव्हतं. मीही नाही.

आता ते सांगते ज्यासाठी लिहायला बसले. चौकशी माझ्याकडेच होती. छापील अर्ज होता, त्यात कारणाचा रकाना. टीचर कोपऱ्यात उभी, तिला वाटत होतं तिची नोकरी जाणार. मला वाटत होतं माझी जाणार. मी लिहिलं: केंद्राच्या वेळेबाहेर, मोठ्या बहिणीच्या निष्काळजीपणामुळे. पुढे त्या मुलीचं नाव. तमिळमध्ये, चांगल्या अक्षरात, खाडाखोड न करता. बापाचा अंगठा घ्यायचा म्हणून तो कागद मी सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचून दाखवला. वेळ बदलली ती मी, सही माझी, आणि नाव लिहिलं एका नऊ वर्षांच्या पोरीचं. टीचरला वाचवण्यासाठी केलं असं मी कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. खोटं आहे ते. टीचर आपोआप वाचली. मी मला वाचवलं. त्या पोरीला मी काहीसुद्धा विचारलं नाही. न आलेल्या पोराच्या घरी जाऊन का आलं नाही ते विचारायचं, एवढा एकच धडा तुम्ही दिला होतात, आणि मी तिच्या घरात उभी राहून फक्त लिहीत होते.

तुमचाही राग येतो मला, अक्का. आज बोलूनच टाकते. इतकं मोठं काम तुम्ही सगळं तोंडी ठेवलंत. कुणाच्या ओट्यावर बसून, कुणाची कॉफी पिऊन, कुणाला दटावून. एक ओळ कागदावर आणली नाहीत. त्या बायकांना पहाटेचा मोबदला मिळावा म्हणून तुम्ही वर एकदा तरी भांडलात का? "कागदी घोडे मला नाचवता येत नाहीत" म्हणायचात आणि वर त्याचा अभिमान! तुमच्यासारखी बाई दर पिढीत एक निपजेल असं वाटलं होतं का तुम्हाला? मागं राहिली मी, नाकासमोर चालणारी, साहेबाला घाबरणारी. तुमच्यानंतरचं माणूस घाबरट असेल हे धरून चालायला हवं होतं तुम्ही. हे लिहिलं आणि आता माझंच मला वाईट वाटतंय. तुमच्यावर ओरडायला तरी कुणी हवं ना मला, म्हणून ओरडले.

तुम्हाला मी कळू दिलं नाही. त्याच वर्षी तुम्ही अंथरुणाला खिळलात. त्या मागच्या खोलीत, खिडकीशी खाट. मी रोज संध्याकाळी यायची, तुमचे पाय चेपायची, आणि तुम्ही ऑफिसातलं काय काय विचारायचात. बोलणं अडखळत होतं, पण डोकं लख्ख. एका संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "लावणी संपली असेल. दारं उघडली ना गे पहाटे?" मी पाय चेपत राहिले. "उघडली, अक्का. सगळीकडे उघडली." तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, "मला वाटलं होतं तू करणार नाहीस. चुकले मी. माझ्यापेक्षा चांगली निघालीस." भावजय आली तर तिलाही तेच सांगितलंत, शेजारणीलाही तेच. आठवडाभरात तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांत तुम्हाला समाधान दिलं म्हणून तुमच्या घरचे मला हात जोडत होते, आणि मी ते जोडलेले हात घेत होते.

पुढे मी जे करायला हवं होतं ते केलं, तेही सांगते. अर्ज केले, हेलपाटे घातले, मद्रासला जाऊन त्याच सुटाबुटातल्या माणसाच्या खोलीबाहेर बाकावर बसले. आधी फक्त त्या एका गावात पहाटे पुन्हा उघडलं. मग तीन-चार वर्षांनी रीतसर हुकूम आला. लावणीच्या दिवसांत पहाटेची वेळ, टीचरला त्या कामाचं वेगळं मानधन, दुपारी बदली सुट्टी. सगळं लेखी, म्हणजे मी गेले तरी चालू राहील असं. वरातीमागून घोडं आलं ते असं. माझा सत्कारही झाला. हार घालून लोक म्हणाले की गरिबाच्या लेकरांचा विचार करणारी अधिकारी अशी असावी. मी भाषणात तुमचं नाव घेतलं, टीचरांचं घेतलं. त्या अडीच वर्षांच्या मुलीचं घेतलं नाही. तिच्या बहिणीची चौकशी मात्र मी लांबून करत राहिले. तिची शाळा त्याच महिन्यात सुटली. गावात तिला कुणी स्वतःचं पोर धरायला देईना. नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात पोर द्यायला बाया घाबरायच्या आणि तिच्या तोंडावर तसं म्हणायच्या. तेरा-चौदाची झाली तेव्हा तिला तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात पाठवल्याचं कळलं. तिला शोधून काढून कागद बदलते असं सांगणं मला अशक्य नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत माझी नोकरी संपली.

आणि गेल्या महिन्यात ती मला भेटली. पापनाशमला एका लग्नाला गेले होते, परतीसाठी स्टँडवर उभी होते. एक बाई समोर येऊन थांबली. अंगावर स्वच्छ साडी, डोक्यात मोगरा, हाताशी चार-पाच वर्षांची मुलगी. मुलीचं मनगट तिनं इतकं घट्ट धरलं होतं की पोर कुरकुरत होती. "अम्मा, तुम्ही बालवाडीच्या मोठ्या अम्मा ना?" तिनं ओळख सांगायच्या आधीच मी ओळखलं होतं. तिच्या आवाजात राग नव्हता, हो. असता तर बरं झालं असतं. म्हणाली, लग्न झालं, नवरा चांगला आहे, ही एकच मुलगी. मग इकडे तिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "अम्मा, कधीचं कुणाला तरी सांगायचं होतं. मी त्या दिवशी बाळाला आधी बालवाडीतच नेलं होतं. दर वर्षी न्यायची तशी. आई म्हणालीच होती, तिथं सोड आणि शाळेत जा. दाराला कुलूप होतं. उजाडल्यावर मी पाटी वाचली, मला वाचता येत होतं. साडेनऊ लिहिलं होतं. साडेनऊ किती लांब ते मला कुठं कळत होतं? आम्ही पायरीवर बसलो. ती भुकेनं रडायला लागली, तिला तो पिठाचा गोळा हवा होता. म्हणून मी तिला पाणी दाखवायला घेऊन गेले. मला कुणी विचारलंच नाही, अम्मा."

मी हातातली पिशवी खाली ठेवली. ती थांबली, पोरीचा हात या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली, "तुम्ही तेव्हा एक कागद वाचून दाखवला होता. त्यात माझं नाव आलं, तेवढं मला समजलं. बाकीचे शब्द मोठे होते. काय लिहिलं होतं त्यात, अम्मा?" नऊ वर्षांची असताना जशी उभी होती तशीच उभी राहून ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दार मी बंद केलं, तुझी चूक नव्हती, मी खोटं लिहिलं. तीस वर्षं ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी रस्त्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "माझी बस आली गं, येते मी." तिनं लगेच माझी पिशवी उचलली, बसच्या दारापर्यंत आणून दिली, वर चढायला हात दिला. अक्का, माझी बस आली नव्हती. मला तंजावूरला यायचं होतं, आणि मी चढले ती होती उलट्या दिशेची, कुंभकोणमची.